सुरांमधली फट

‘सूर तोडू नका,’ पप्पा चर्चच्या दारातूनच म्हणाले.

ऑर्गनवर बसलेल्या बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी ओळ पूर्ण वाजवली, शेवटचा सूर सोडला, तो वर छतापर्यंत जाऊन विरेपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, ‘तुटत नाहीयेत. मीच सोडतेय.’

मी पप्पांच्या मागे उभी होते. पप्पा घरून तरातरा चालत आले होते आणि त्यांच्यामागून मी, अर्धी पळत. आमचं घर चर्चच्या आवारातच होतं, त्यामुळे ऑर्गनवर कोणी बोट ठेवलं तरी पप्पांना चहाच्या कपासमोर कळायचं. त्या दिवशी त्यांनी कप तसाच ठेवला आणि म्हणाले, ‘कोण हे माझ्या ऑर्गनला ठेचतंय?’

पप्पा म्हणजे मनोहर अमोलिक. मिशनच्या शाळेतले निवृत्त गणिताचे मास्तर आणि आमच्या चर्चचे ऑर्गनवादक. नगर जिल्ह्यातल्या आमच्या एवढ्याशा गावात नळ्यांचा खराखुरा ऑर्गन असावा हेच मुळात एक आश्चर्य होतं. कुठल्याशा गोऱ्या पलटणीने छावणी सोडताना तो मागे ठेवला आणि मिशनने बैलगाड्यांवर घालून गावात आणला, असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो. खरंखोटं देव जाणे. हाताखाली पट्ट्यांची एक रांग, पायाखाली लाकडी पेडलांची दुसरी, आणि भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या नळ्या. पप्पा तीस वर्षं दर रविवारी त्याच्यापुढे बसत आले होते.

बाई होत्या सेलिना तुस्कानो, वसईच्या. मुंबईत पियानो शिकवायच्या. मध्ये काही वर्षं हॉलंडमध्ये राहून जुन्या काळी ऑर्गन कसा वाजवत असत, त्याचा अभ्यास करून आल्या होत्या. आपल्याकडे कुठे कुठे जुने ऑर्गन शिल्लक आहेत ते बघत फिरायचं हा त्यांचा सुट्टीतला उद्योग. पाळकसाहेबांनी त्यांना चर्च उघडून दिलं आणि पप्पांना कळवायचं मात्र विसरले. चाळिशीच्या, बुटक्या, सुती साडी नेसलेल्या आणि बोलायला फटकळ. पायांत मोजे नाहीत, बूट नाहीत, अनवाणी पायांनी पेडल वाजवत होत्या, तेही नुसत्या चवड्यांनी. पप्पांच्या दृष्टीने हा दुसरा गुन्हा होता.

गावात उतरायला धड जागा नव्हती. त्यामुळे ज्या घरातून भांडायला माणूस आला होता त्याच घरी तुस्कानोबाई आठवडाभर पाहुण्या म्हणून राहिल्या. आईनेच आग्रह केला. ती दवाखान्यात नर्स होती. कोणाला कुठे ठेवलं की बरं वाटेल हे तिला बघताक्षणी कळायचं.

हे सगळं लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत चाललं होतं, ईस्टर जवळ येत होता, आणि त्या वर्षी ईस्टर हा शब्द आमच्या घरात सगळे टाळत होते. त्याचं कारण आधीच्या नाताळात घडलं होतं.

पप्पांना ऑर्गन शिकवला होता मिस हॅडली नावाच्या मिशनरी बाईंनी. त्यांचा एकच नियम होता: एक सूर संपून दुसरा सुरू होताना मध्ये केसाएवढीही जागा राहता कामा नये. त्यासाठी एक कसरत करावी लागते. मधल्या बोटाने पट्टी दाबायची, ती दाबलेली असतानाच त्या बोटाच्या जागी हळूच करंगळी सरकवायची, आणि मोकळं झालेलं बोट पुढच्या पट्टीकडे न्यायचं. सूर चालूच, बोटं मात्र आतल्या आत जागा बदलतात. मी सात वर्षांची असल्यापासून पप्पांनी मला हेच शिकवलं. ‘जेव’ या शब्दानंतर लहानपणी मी सर्वांत जास्त ऐकलेला शब्द म्हणजे ‘चिकटव’.

त्या कसरतीला लवचिक बोटं लागतात. पप्पांना संधिवाताने गाठलं होतं. सकाळी आई परातीत गरम पाणी आणि मीठ घालून द्यायची आणि पप्पा हात बुडवून बसायचे, पेपर मी वाचून दाखवायचे. नाताळच्या उपासनेत शेवटच्या गीताला त्यांचं एक बोट जागा बदलताना पट्टीवर आखडलं आणि उचलेचना. तो एक सूर भोंग्यासारखा वाजत राहिला. बाकांवरच्या लोकांना वाटलं, तो लांबवायचाच आहे, त्यांनी लांबवला. गायकांचा कॉयर पुढे निघून गेला. दोघांची त्या कडव्यात चुकामूक झाली आणि आमेनपर्यंत पुन्हा भेट झाली नाही. पुढचे रविवार पप्पांनी सोप्या गीतांवर निभावून नेले.

लोक वाईट नव्हते. कोणी हसलं नाही. पण कमिटीचे सेक्रेटरी उजगरेकाका एका संध्याकाळी आमच्या मागच्या ओट्यावर आले आणि पप्पा आत आहेत असं पाहून मला हळू आवाजात म्हणाले, ‘कृपा, ईस्टरला मास्तर वाजवू देत. त्यांचा मान आहे. पण पुन्हा तसंच झालं, तर मग तूच बस बाई.’ मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि त्या गावात पप्पांशिवाय ऑर्गन वाजवणारी मी एकटीच होते. काकांना दुसरा मार्ग नव्हता. मलाही त्यांना नाही म्हणायला तोंड नव्हतं. पण ज्या माणसाने मला तिथे उचलून बसवलं त्याला तिथून उठवून आपण बसायचं, हा विचार मला करवत नसे. पप्पांना हे कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांना ते पूर्ण ठाऊक होतं. नाताळनंतर आम्ही दोघं ऑर्गन सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलत होतो.

तर त्या पहिल्या रात्री जेवताना वाद पेटलाच. लेंट असल्याने घरात मटण बंद होतं. पिठलं, भाकरी आणि वाद एवढंच पानात होतं. पप्पांचं म्हणणं असं की ऑर्गन हा वाऱ्यावर चालतो, वारा अडखळत वाहत नाही, तेव्हा सूरही अडखळू नयेत. तुस्कानोबाईंनी शांतपणे भाकरी मोडली.

‘मास्तर, तुमचं पूर्ण नाव काय?’

‘मनोहर अमोलिक.’

‘आता त्यातली सगळी व्यंजनं काढून सांगा.’

पप्पा गणिताचे मास्तर. विचारलेलं उदाहरण सोडवल्याशिवाय राहणं त्यांच्या रक्तात नव्हतं. क्षणभर विचार करून त्यांनी अगदी गंभीरपणे उत्तर दिलं, ‘अ ओ अ, अ ओ इ.’

आई चुलीपाशी होती, तिला हसू आवरेना. मीही हसले. बाई हसल्या नाहीत. ‘तुमचा ऑर्गन असा बोलतो,’ त्या म्हणाल्या. ‘सूर म्हणजे स्वर. दोन सुरांच्या मधली फट म्हणजे व्यंजन. फट नसेल तर गाणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाही.’

मग त्यांनी जे समजावलं ते मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. पियानोची पट्टी जोरात मारली की आवाज मोठा येतो. तबलजी समेवर थाप देतो. ऑर्गनला ते येत नाही. पट्टी हळू दाबा नाहीतर मूठ आपटा, आवाज तेवढाच. मग महत्त्वाचा सूर कोणता हे ऐकणाऱ्याला कसं कळावं? जुन्या काळच्या वादकांकडे त्याला एकच उपाय होता. महत्त्वाच्या सुराच्या आधीचा सूर जरा लवकर सोडून द्यायचा. एवढीशी शांतता पडते, आणि तिच्यानंतर येणारा सूर आपोआप वजनदार वाटतो. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी सूर सुटे वाजवणं हीच रोजची रीत होती आणि चिकटवणं ही खास प्रसंगाची गोष्ट. पुढे फॅशन उलटली आणि मिस हॅडलींसारख्यांच्या पिढ्या सरसकट चिकटवायला शिकल्या. ‘मी ऐकीव सांगत नाही,’ बाई म्हणाल्या, ‘त्या काळच्या वादकांनी बोटांचे आकडे लिहून ठेवलेत. ती बोटं वापरली तर सूर चिकटवता येतच नाहीत.’

पप्पा म्हणाले, ‘हॉलंडात चालत असेल.’ आणि हात धुवायला उठले. नळाखाली त्यांना बोटं चोळताना तुस्कानोबाईंनी पाहिलं. त्या बराच वेळ पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये मी त्यांना गाठलं आणि नाताळची सगळी हकीकत सांगितली. सांगता सांगता रडले, ते लपवलंही नाही. पप्पांना तुमची रीत शिकवाल का, असं विचारलं.

‘नाही,’ त्या म्हणाल्या. ‘साठी उलटलेल्या मास्तरला कोणी शिकवत नसतं. मी तुला शिकवते. त्यांना फक्त समोर बसव.’

समोर बसवायला काही करावं लागलं नाही. आपल्या मुलीला कोणी काही भलतंसलतं शिकवतंय म्हटल्यावर पप्पा स्वतःहून येऊन पहिल्या बाकावर बसले, हाताची घडी घालून, परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक बसतो तसे. बाईंनी मला ईस्टरचं पहिलं गीतच घ्यायला लावलं. आमच्या पुस्तकातल्या बऱ्याच गीतांच्या चाली जर्मनीकडून आलेल्या आहेत, त्यातलीच ही एक, फार जुनी. शब्द मात्र आपले, साधेसुधे: ‘दगड सरला, दार उघडले, प्रभू उठला पहाटे.’

बोटं त्यांनी नवीच दिली. म्हणजे जुनीच. तिसरं, चौथं, पुन्हा तिसरं, चौथं, अशी जोडीजोडीने पुढे चालायची. तिसरं बोट चौथ्याला ओलांडून जातं तेव्हा हात उचलावाच लागतो. जागा बदलायची कसरत करायला सवडच नाही. मला वाटलं, जमलं. सगळे सूर सुटे करून मी ठाकठीक वाजवून दाखवलं आणि शाबासकीसाठी वर पाहिलं.

‘टाइपरायटर,’ बाई म्हणाल्या. ‘पुन्हा.’

पुन्हा वाजवलं. पुन्हा टाइपरायटर. मी जेरीला आले. सूर तोडायचे तर तोडतेय की. बाई म्हणाल्या, सगळ्या फटी सारख्याच असतील तर त्या असून नसल्यासारख्या. सगळी अक्षरं सारखीच ठासून बोलणारा माणूस जितका कंटाळवाणा तितकीच मी कंटाळवाणी. कुठे किती सोडायचं हे बोटाने ठरवायचं नाही, ओळीने ठरवायचं. दोन दिवस मी तेच करत राहिले आणि दोन्ही दिवस मला ते जमलं नाही. चिकटव-चिकटव ऐकून वाढलेल्या माणसाला सोड म्हटलं की तो एकदम सगळंच सोडतो.

तिसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरून आवाज आला, ‘अगं, दगडाच्या आधी थांब.’

पप्पा उभे राहिले होते. ‘दगड सरला. प्रभूच्या कबरीवरचा मोठा दगड आहे तो. बायका येताना विचार करत आल्यात की तो कोण लोटणार म्हणून. त्याच्या आधी श्वास नको घ्यायला? आणि “दार”च्या आधी तेवढाच. “सरला”ला काही नको, तो आपला सरकू दे.’ असं म्हणत ते ओळ गाऊन दाखवू लागले. तीस वर्षांत त्या पुस्तकातला प्रत्येक शब्द त्यांचा पाठ झालेला. कुठल्या शब्दावर ओळ उभी आहे हे त्यांना सांगायला हॉलंडची गरज नव्हती. मला ते तरीही जमेना. शेवटी त्यांनी मला हाताने बाजूला सारलं, ‘सर, सर’ म्हणत ऑर्गनपुढे बसले आणि मला दाखवण्यासाठी म्हणून वाजवलं. तिसरं, चौथं, तिसरं, चौथं.

पूर्ण ओळ झाली. एकही सूर अडकला नाही. पप्पांनी हात पट्ट्यांवरून उचलून डोळ्यांसमोर धरले आणि बोटांकडे पाहिलं. दुखल्याशिवाय वाजवून त्यांना किती दिवस झाले होते कोणास ठाऊक. मला इतका आनंद झाला की मी बाईंचा दंडच धरला.

पप्पा उठले आणि तडक घरी निघून गेले.

त्यानंतर बाई होत्या तोवर ते चर्चकडे फिरकलेच नाहीत. मला वाटलं, मी दंड धरलेला त्यांनी पाहिला, आपल्याला फसवून शिकवलं हे त्यांना कळलं. आईने मात्र वेगळं निदान केलं. ती म्हणाली, त्यांना राग आलेला नाही, ते घाबरलेत.

बाई निघायच्या आदल्या संध्याकाळी ते कशाला घाबरलेत ते कळलं. अंगणात आम्ही चौघं बसलो होतो. वसईला बाईंच्या चर्चमध्येही ईस्टरला त्यांनाच वाजवायचं होतं, त्यामुळे त्या थांबू शकत नव्हत्या. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर पप्पा म्हणाले, ‘बाई, माझ्या हाताला ते सोपं जातं. म्हणून ते खरं आहे असं मी कसं मानू? उद्या मला चालायला सोपं पडतं म्हणून मी रस्ताच बदलला, तर?’

मी तोंड उघडणार होते. आईने माझ्या मांडीवर हात ठेवला.

‘आणि मिस हॅडलींना काय सांगू?’ पप्पा पुढे म्हणाले. ‘त्यांनी मला फुकट शिकवलं. माझ्या बापाला पायपेटीसुद्धा ठाऊक नव्हती.’

तुस्कानोबाई पहिल्यांदाच सावकाश बोलल्या. ‘त्या चुकल्या नव्हत्या, मास्तर. त्यांच्या काळात जे संगीत लिहिलं गेलं ते तसंच वाजतं, चिकटूनच. ते वाजवाल तेव्हा खुशाल चिकटवा. पण ही ईस्टरची चाल त्याच्या किती आधीची. ज्यांनी ती पहिल्यांदा वाजवली, त्यांनी ती अशीच सुटी वाजवली. तुमची बोटं दुखत नाहीत म्हणून ती खरी नाही. ती खरी आहे, आणि तुमची बोटं दुखत नाहीत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.’

पप्पांनी मान हलवली, पण ती होकाराची की नुसतं ऐकल्याची, ते मला कळलं नाही. सकाळी एसटीत बसवून देताना मी बाईंना विचारलं, ते वाजवतील का तसं? त्या म्हणाल्या, ते माझ्या हातात नाही आणि तुझ्याही. मग खिडकीतून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, टाइपरायटर बंद कर.

पुढचे दिवस मी पप्पांवर नजर ठेवून होते. दुपारी चर्चची किल्ली खिळ्यावरून नाहीशी व्हायची आणि पप्पाही नाहीसे व्हायचे, पण दारं-खिडक्या लावून घेतल्यावर बाहेर नुसती गुणगुण ऐकू येई. चिकटलेली की सुटी, काही कळत नसे. विचारायची माझी हिंमत नव्हती. सकाळचं परातीतलं पाणी मात्र चालूच होतं.

ईस्टरला आमच्याकडे उपासना पहाटेची असते. सूर्य उगवायच्या आत लोक जमतात, एकमेकांना सलाम करतात, ‘प्रभू उठला आहे’ म्हणतात आणि समोरचा म्हणतो, ‘खरोखर उठला आहे.’ त्या पहाटे मीही सगळ्यांना तसं म्हणत होते आणि मनात दुसरंच काही चाललं होतं. ऑर्गनच्या शेजारी माझ्यासाठी एक खुर्ची मांडली होती. पानं उलटायला, असं उजगरेकाका म्हणाले. पप्पांना ती सगळी गीतं पाठ होती आणि त्यांनी जन्मात कधी कोणाकडून पान उलटून घेतलं नव्हतं. त्या खुर्चीचा अर्थ चर्चमधल्या शेवटच्या बाकालाही कळत होता. पप्पांनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकून मला पाय ठेवायला जागा करून दिली. मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाळकसाहेबांनी गीत सांगितलं. लोक उभे राहिले. पप्पांनी सुरुवात केली, आणि ते चिकटवूनच वाजवत होते. तीस वर्षांची सवय, आणि समोर उभं राहिलेलं अख्खं गाव. दुसऱ्याच ओळीला त्यांच्या उजव्या हाताचं बोट जागा बदलताना थरथरलं. लोक नेहमीसारखे अर्धा शब्द मागे रेंगाळत होते, कॉयर पुढे ओढत होता आणि मधे पप्पा दोघांना धरून ठेवायच्या नादात आणखीच घट्ट चिकटवत होते. मागे उजगरेकाकांनी घसा साफ केला. कडव्याच्या शेवटच्या सुरावर ते बोट आखडलं. मी बघत होते. नखाखालची जागा पांढरी पडली होती. मी खुर्चीतून निम्मी उठले.

‘बस,’ पप्पा न बघता म्हणाले.

डाव्या हाताने त्यांनी ते बोट पट्टीवरून उचललं. मग दोन्ही हात उचलले, दोन्ही पाय उचलले, आणि चर्चमध्ये संपूर्ण शांतता झाली. लोकांनी एकदम श्वास घेतला, तो मला ऐकू आला. आणि पप्पांनी दुसरं कडवं सुरू केलं, तिसऱ्या आणि चौथ्या बोटाने.

पहिल्या ओळीला लोक गोंधळले. काहींनी पुस्तकातून माना वर केल्या. दुसऱ्या ओळीला मात्र काहीतरी झालं. प्रत्येक मोठ्या शब्दाच्या आधी ऑर्गन जरासा बाजूला व्हायचा आणि लोकांना कळायचं की आता आपण पाऊल टाकायचं. कोणी ओढत नव्हतं, कोणी रेंगाळत नव्हतं. उजगरेकाका, जे माझ्या आठवणीत एकदाही कुठल्या ओळीत वेळेवर शिरले नव्हते, ते त्या दिवशी वेळेवर शिरले. पप्पांच्या फटी टाइपरायटरसारख्या नव्हत्या. कुठे नखाएवढी, कुठे चांगली बोटभर, आणि सगळं चर्च त्यांतून चालत होतं. तुस्कानोबाई वारल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. दर ईस्टरला पहिल्या गीताआधी मी मनात त्यांचं नाव घेते, ते या दुसऱ्या कडव्यासाठी.

तिसऱ्या कडव्यात एक गोष्ट घडली, जिचा मला धक्का बसला. शेवटच्या ओळीच्या आधी पप्पांनी सगळे सूर सोडले आणि पुढचे धरलेच नाहीत. लोक आपले गात राहिले, ऑर्गनशिवाय, अर्धी ओळभर. मला वाटलं, पुन्हा आखडलं. पण त्यांचे हात पट्ट्यांवर मोकळे तरंगत होते आणि मान एका बाजूला कलली होती. मग ते पुन्हा सुरात मिसळले, आणि आमेनला सगळे एका वेळी पोचले.

उपासना संपल्यावर उजगरेकाका पुढे आले. त्यांनी पप्पांचा हात हातात घेतला, दुखेल म्हणून लगेच सैल सोडला आणि म्हणाले, ‘मास्तर, पुढच्या रविवारची गीतं पाळकसाहेब तुमच्याकडे पाठवतील.’ मग त्यांनी स्वतः ती खुर्ची उचलली आणि काखेत मारून घेऊन गेले. मला पळत जाऊन त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

लोक बाहेर चहाला गेले. पप्पा उठेनात. ते पट्ट्यांकडे बघत बसले होते आणि मला भीती वाटली की त्यांना अजूनही आपण काहीतरी मोडलं असंच वाटतंय.

‘कृपा,’ ते म्हणाले, ‘मी हात उचलले ना, तेव्हा बायकांच्या बाजूने एक आवाज येत होता. खालचा, जाडसर. सगळ्यांच्या खालून चाललेला. कोण होतं ते?’

मी वळून पाहिलं. बायकांच्या बाजूला आता एकटी आई होती, बाकांवरची गीतांची पुस्तकं गोळा करत.

‘आई,’ मी म्हणाले.

‘तुझी आई गाते?’

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. लहानपणापासून मी त्या आवाजाला खेटून उभी राहिले होते. तो मला इतका सवयीचा होता की तो कोणाला ऐकू येत नसेल हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. आणि सगळ्या चर्चमध्ये तो ऐकू न येणारा माणूस एकच होता, ज्याच्या ऑर्गनला तीस वर्षांत एकही फट पडली नव्हती.

पप्पांनी हाक मारली, ‘सगुणा.’

ते तिला चारचौघांत कधी नावाने हाक मारत नसत. आई पुस्तकांचा गठ्ठा तसाच छातीशी धरून लगबगीने आली. ‘काय झालं? बोटं दुखतायत?’

‘तू हे असं खालून कधीपासून गातेस?’

आई गोंधळली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ‘लग्न होऊन आले तेव्हापासून. का, चुकलं का काही?’

‘मला कधी सांगितलं नाहीस.’

‘गाते, हे काय सांगायचं असतं?’ आई म्हणाली. ‘मला वाटायचं, तुम्हाला ऐकू येतंय.’

पप्पांनी ऑर्गनचे मोठे आवाज बंद केले, एक मऊ तेवढा ठेवला, आणि गीताची पहिली ओळ सुरू केली, एकेका बोटाने, अगदी सुटी. आईने पुस्तकं बाकावर ठेवली आणि तिथेच उभी राहून गाऊ लागली. मी मागे जाऊन बसले. मला त्या दिवशी कोणाच्याही जागी बसायचं नव्हतं, मला फक्त ऐकायचं होतं, आणि एवढं सुख देवाने मला दिलं म्हणून मी डोळे मिटून त्याचे आभार मानत होते.

दुसऱ्या ओळीपाशी आई म्हणाली, ‘अहो, थांबा जरा. श्वास घेऊ द्या.’

पप्पांनी दोन्ही हात उचलले आणि ती तयार होईपर्यंत थांबले.